ह्युमन अँटिबॉडीचं औषध बनवायचंय? सुरुवात कुठून करायची ते सांगते

एमएस्सी संपवून पीएचडीला लागलेली मुलं परळला भेटली की विचारतात, ताई अँटिबॉडी थेरपीवर काम करायचंय, पहिलं काय करू? अँटिबॉडी म्हणजे परक्या गोष्टीला चिकटून अडवणारं, शरीर बनवतं ते प्रोटीन, आणि बहुतेकांच्या डोक्यात असतं की टार्गेटला, म्हणजे जिला अडवायचं त्या गोष्टीला, घट्ट चिकटणारी अँटिबॉडी सापडली की झालं काम. खरं सांगते, चिकटणारी मिळणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, चिकटून ती शरीरात काय करते, बाटलीत टिकते का, लिटरमागे काही ग्रॅम बनते का आणि डहाणूच्या ग्रामीण रुग्णालयात पोचते का, हे पहिल्या दिवसापासून विचारायला लागतं.

उदाहरण म्हणून सापाचं विष घेऊया, कारण विषय आपल्या दारातला आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि पालघर, ठाण्याच्या पाड्यांवरून केसेस येतच असतात. आजचं औषध म्हणजे एएसव्ही (अँटी स्नेक व्हेनम), घोड्याला थोडंथोडं विष देऊन त्याच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेची ओळखच त्यावर आहे, आणि त्या औषधाने असंख्य जीव वाचवलेत हे आधी मान्य करायचं मग पुढे बोलायचं. पण घोड्याचं प्रोटीन माणसाला परकं, म्हणून रिअ‍ॅक्शन येते, कधी अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी, कधी काही दिवसांनी सीरम सिकनेस, म्हणजे ताप, पुरळ आणि सांधेदुखी, आणि त्या बाटलीतल्या बऱ्याच अँटिबॉडीजचा विषाशी काही संबंधच नसतो. माणसाची अँटिबॉडी हवी ती यासाठी. उंदराच्या अँटिबॉडीजचंही तेच झालं, १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमा केला, म्हणजे एकाच प्रकारची अँटिबॉडी (मोनोक्लोनल) सतत बनवणारी जोडपेशी, १९८६ मध्ये पहिलं मोनोक्लोनल औषध आलं, पण पेशंटचं शरीर त्या उंदराच्या प्रोटीनविरुद्धच अँटिबॉडी बनवायला लागलं. पूर्ण ह्युमन अँटिबॉडीचं पहिलं औषध, अ‍ॅडालिमुमॅब, संधिवातावरचं, यायला २००२ उजाडलं.

आपल्याकडे हे जमतं का असं विचारणाऱ्यांना मी रेबीजचं उदाहरण देते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रेबिशील्ड ही ह्युमन मोनोक्लोनल आहे, डोस वजनाच्या किलोमागे ३.३३ आययू (औषधाच्या ताकदीचं आंतरराष्ट्रीय एकक), तेच घोड्याचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज, किलोमागे ४० आणि माणसाच्या रक्तातलं २० द्यावं लागतं.

तर आता काम. लॅबमध्ये शिरायच्या आधी एका पानावर लिहा की औषध कुणाला, दंशानंतर किती तासांनी, कोण देणार आणि फ्रीज असेल का. मग टार्गेट. "सापाचं विष" हे टार्गेट नाही, विषात पुष्कळ प्रोटीन्स असतात. नागाच्या विषात थ्री फिंगर टॉक्सिन (तीन बोटांच्या आकाराचं विषारी प्रोटीन) मुख्य, ते स्नायूंवरच्या अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरवर, म्हणजे नसेचा निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं आणि श्वास थांबतो. घोणस आणि फुरसं रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवतात. म्हणजे एका अँटिबॉडीने नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही मोठ्या सापांवर औषध होत नाही, दोन-चारचं मिश्रण लागणार हे आधीच धरून चला. थ्री फिंगर टॉक्सिन जेमतेम ६ ते ८ किलोडाल्टनचं, इतकं छोटं की घोड्याचं शरीरही त्याच्यावर नीट अँटिबॉडी बनवत नाही, आणि नेमकं तेच मारतं, म्हणून सुरुवात तिथून करावी असं माझं मत. खरं विष गोळा करायला वनविभागाची परवानगी लागते, तेव्हा रिकॉम्बिनंट टॉक्सिन (जीन दुसऱ्या पेशीत घालून तयार केलेलं) बनवून कामाला लागा, पण त्याची घडी (प्रोटीनचा त्रिमितीय आकार) बरोबर आहे का, ते रिसेप्टरला बसतं का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माणसाची अँटिबॉडी मिळवायचे रस्ते मुख्यतः तीन. ह्युमन जीन्स घातलेला उंदीर, तो महाग आणि लायसन्सचा मामला. दुसरा, माणसाच्या बी सेल्स, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी. रेबीजवर काम असेल तर लस घेतलेले पशुवैद्यक हे उत्तम डोनर, आणि पशुवैद्यकीय कॉलेज परळमध्येच आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठी-हिंदीतलं समजेल असं संमतीपत्र आधी, सुई नंतर. रक्त त्याच दिवशी प्रोसेस करा, परळला काढलं आणि पेशी निवडून वेगळ्या करणारं यंत्र, सॉर्टर, पवईला किंवा खारघरला असेल तर जुलैतल्या ट्रॅफिकचा हिशोब धरूनच स्लॉट घ्या. अँटिजेनला, म्हणजे टार्गेटच्या प्रोटीनला, दोन वेगळे रंग लावून दोन्ही रंगात चमकणाऱ्या मेमरी बी सेल्सच (जुना संसर्ग किंवा लस लक्षात ठेवणाऱ्या) उचला, नाहीतर रंगालाच चिकटणाऱ्या पेशी पदरात पडतात. इथला मोठा फायदा म्हणजे हेवी आणि लाइट चेनची, म्हणजे अँटिबॉडीच्या दोन भागांची, जोडी नैसर्गिक मिळते. इबोलावरची अ‍ॅन्सुव्हिमॅब अशीच १९९५ च्या काँगोतल्या किकविटच्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या पेशींतून आली, २०२० मध्ये तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

सापाच्या बाबतीत कुणाला विष टोचून डोनर बनवता येत नाही, म्हणून तिसरा रस्ता, लायब्ररी. फेज डिस्प्ले किंवा यीस्ट डिस्प्ले, म्हणजे जिवाणूंच्या विषाणूवर (फेज) किंवा यीस्टच्या पेशीवर मांडलेले अब्जावधी वेगवेगळ्या ह्युमन अँटिबॉडीचे तुकडे, फेजवर प्रत्येक कणाच्या टोकाला एक. जॉर्ज स्मिथ आणि ग्रेग विंटर यांना फेजच्या कामाबद्दल २०१८ चं नोबेल मिळालं. त्यातून हवी ती निवडणं, पॅनिंग, म्हणजे सुपातून पाखडणंच, हवं ते राहतं बाकी उडून जातं, पण पाखडायचं कसं यावर सगळं अवलंबून. छोटं टॉक्सिन प्लास्टिकच्या प्लेटवर थेट चिकटवू नका, त्याची घडी मोडते आणि मग मोडलेल्या टॉक्सिनला चिकटणारे क्लोन (निवडून आलेल्या अँटिबॉडीज) मिळतात जे खऱ्या विषाला ओळखतच नाहीत. टॉक्सिनला बायोटिन हा छोटा रेणू लावून द्रावणातच ठेवा, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनच्या मण्यांनी उचला, पुढच्या राउंडला न्यूट्रअ‍ॅव्हिडिन वापरा म्हणजे मण्यालाच चिकटणारे गळतील. दर राउंडला अँटिजेन कमी, धुणं जास्त. तीन राउंड झाले की थांबून सिक्वेन्स बघा, त्यापुढे ताणलं तर चांगले क्लोन नाही, भराभर वाढणारे क्लोन जिंकतात. आणि राउंडमध्ये टॉक्सिन बदलत जा, एकदा नागाचं एकदा दुसऱ्या सापाचं, म्हणजे दोघांत सामाईक असलेला भाग ओळखणाऱ्या अँटिबॉडीज वर येतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या टीमने सिंथेटिक ह्युमन लायब्ररीतून अशीच एक, ९५मॅट५, काढली, तिने नाग, मण्यार आणि मांबा (आफ्रिकेतला साप) कुळातल्या सापांच्या विषापासून उंदरं वाचवली. घोणसवर मात्र तिचा उपयोग नाही, आपल्यासाठी तो भाग अजून मोकळाच आहे.

हिट, म्हणजे टार्गेटला चिकटणारे क्लोन, मिळाले की लगेच पूर्ण आयजीजीमध्ये, म्हणजे पूर्ण अँटिबॉडीत, बदला, तुकडा म्हणून झकास वागणारे काही क्लोन पूर्ण रूपात ढेपाळतात. मग आधी काम तपासा, रिसेप्टरवर बसण्यापासून टॉक्सिनला अडवते का, नुसतं चिकटणं मोजणाऱ्या एलायझा टेस्टचा सिग्नल मागाहून. त्याच आठवड्यात पुढच्या गोष्टीही बघा, गुठळ्या होतात का, किती तापमानाला उलगडते, चिकटण्याच्या जागेत बिघडणारे अमिनो आम्लांचे क्रम आहेत का, भलत्याच गोष्टींना चिकटते का. यात नापास झालेली अँटिबॉडी कितीही लाडकी असली तरी सोडा, पुढे तीच दुरुस्त करण्यात वर्ष जातं.

उंदरावरच्या टेस्टबद्दल थोडं जास्त सांगते. नेहमीची पद्धत म्हणजे विष आणि अँटिबॉडी आधी ट्यूबमध्ये मिसळून टोचायची. ती करावीच लागते, पण माणसाला साप आधी चावतो, औषध मागून मिळतं, म्हणून विष आधी देऊन उशिरा अँटिबॉडी द्यायची टेस्टही करा, आणि विष महाराष्ट्रातल्या सापाचं घ्या. एएसव्हीसाठीचं विष बरंचसं तमिळनाडूतून येतं आणि प्रदेशानुसार विष बदलतं, त्यामुळे औषध काही ठिकाणी कमी पडतं हे माहीत असून तीच चूक नव्या औषधात कशाला.

बनवणं थोडक्यात. सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशींची पक्की सेल लाइन, तिची बँक, मग रिअ‍ॅक्टर, प्रोटीन ए कॉलम (अँटिबॉडी शुद्ध करायला), आम्लात ठेवून व्हायरस निकामी करणं, २० नॅनोमीटरचा फिल्टर. हे कॉलेजच्या लॅबचं काम नाही, जीएमपी (औषधनिर्मितीचे दर्जानियम) पाळणाऱ्या पार्टनरकडेच जा, पण सिक्वेन्स आणि डेटा नीट ठेवून जा.

परवानग्या अशा, संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, प्राण्यांसाठी सीसीएसईए ही केंद्राची समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) जनुकीय प्रयोग तपासणारी आरसीजीएम समिती, मग २०१९ च्या नियमांनुसार सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकाकडे, माणसांवरच्या ट्रायलसाठी सीटी-०४ फॉर्म, आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत) नोंद. पहिला डोस ठरवताना २००६ चं लंडन आठवा, टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी माकडाला सोसलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाने दिली होती तरी सहा तरुण आयसीयूत गेले, कारण ती माणसाच्या टी सेल्सना (प्रतिकारशक्तीच्या पेशी) थेट पेटवत होती. विषाला धरणारी अँटिबॉडी आपल्या पेशींना हात लावत नाही त्यामुळे धोका कमी, पण माणसाच्या टिश्यूवर टेस्ट करून ते दाखवावं लागतं. सर्पदंशाच्या ट्रायलमध्ये कुणालाही नुसत्या नव्या औषधावर ठेवू नका, सगळ्यांना एएसव्ही मिळणारच, नवीन त्याच्या जोडीला. संमती घेताना माणूस घाबरलेला असतो, नातेवाईक रडत असतात, तेव्हा समजावणारा डॉक्टर त्यांच्या बोलीत बोलणारा हवा. आणि काही गंभीर झालं तर २४ तासांत सीडीएससीओ, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी तिघांना कळवायचं असतं, त्यासाठी ड्युटी कुणाची हे पहिला पेशंट यायच्या आधी भिंतीवर लिहून ठेवा.