सिव्हिलायझेशन ६ : शेजाऱ्याची भिंत उभी राहायच्या आत त्याचं पहिलं शहर कसं घ्यायचं

साताऱ्यात आमच्या ओळखीतली बरीच पोरं हा गेम खेळतात, शहरं वसवून राज्य वाढवायचं आणि बाकीच्या राजांशी लढायचं असा हा कॉम्प्युटर गेम, आणि सगळ्यांची अडचण एकच, पहिली लढाई लय उशिरा काढतात. आधी मंदिर, मग कोठार, मग एखादा वंडर (जगातली मोठी आश्चर्याची इमारत), आणि सैन्य घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाईपर्यंत त्याच्या शहराला तटबंदी झालेली असते, मग वॉरियर (सुरुवातीचं साधं पायदळ) भिंतीवर डोकं आपटून मरतात आणि पोरं म्हणतात सुरुवातीची लढाई परवडत नाही. परवडते, फक्त ती भिंतीच्या आधी व्हायला पाहिजे. खालचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवातीला तुमच्याकडं एक सेटलर (शहर वसवणारा) आणि एक वॉरियर असतो. शहर पहिल्या नाहीतर दुसऱ्या टर्नला (म्हणजे खेळीला) वसवा, चांगली जागा शोधत हिंडू नका. पहिला स्काउट (टेहळ्या) काढा, तो ३० प्रॉडक्शनला (शहराच्या उत्पादनाला) पडतो म्हणजे स्वस्तच, आणि वॉरियरला पण लांब नका पाठवू, शहराच्या आसपास गोल फिरवा. शेजारी कोण आहे, किती लांब आहे, मधे डोंगर आहे का मोकळं रान, हे कळल्याशिवाय लढाईचा विचारच नको. दहाबारा घरांच्या (नकाशावरच्या षटकोनी चौकटींच्या) आत शेजारी असेल तर हल्ला जमतो, त्याहून लांब असला तर सैन्य पोचेपर्यंत भिंत झालेली असते, तेव्हा नाद सोडा आणि आपली शहरं वाढवा.

आता बार्बेरियन, म्हणजे कुठल्याच राजाच्या नसलेल्या लुटारू टोळ्या. त्यांचा स्काउट तुमचं शहर बघून गेला की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं, आणि तो परत छावणीत पोचला की तिथनं टोळी निघते. तो पोचायच्या आत मारा, एवढं एक काम केलं तरी पहिल्या चाळीस टर्नचा निम्मा त्रास वाचतो. आणि मारताना जमलं तर शेवटचा घाव स्लिंगरचा (गोफणवाल्याचा) असू द्या. स्लिंगरनं एक युनिट मारलं की आर्चरी (धनुर्विद्या) या तंत्राचा युरेका, म्हणजे शोधाला हातभार मिळतो, म्हणजे त्या तंत्राचं साधारण ४० टक्के काम फुकट. स्लिंगर ३५ प्रॉडक्शनला येतो, आर्चर (तिरंदाज) ६० ला. म्हणून माझी पद्धत अशी, आधी तीन स्लिंगर काढायचे, मिळेल तिथनं सोनं साठवायचं, आर्चरी आली की सगळे आपल्या हद्दीत आणून एकदम अपग्रेड करायचे. हद्दीबाहेर अपग्रेड होत नाही हे ध्यानात ठेवा, नाहीतर सैन्य सीमेवर पोचतं आणि स्लिंगर तसेच राहतात.

सिव्हिकमध्ये (तंत्रांसारखीच समाज-संस्कृतीच्या शोधांची वेगळी यादी) क्राफ्ट्समनशिप लवकर घ्या, तीन घरं सुधारली (शेत, खाण काहीही) की त्याचं पण साधारण ४० टक्के काम फुकट होतं. त्यातनं अगोगे नावाचं धोरणाचं कार्ड मिळतं, सुरुवातीच्या दोन युगांतले पायदळाचे आणि धनुर्धारी युनिट ५० टक्के जास्त वेगानं तयार होतात. हे कार्ड लावून मगच सैन्य काढायला घ्या. किती काढायचं? दोन वॉरियर आणि तीन-चार आर्चर, एवढ्यात एक बिनभिंतीचं शहर पडतं. दहा वॉरियर काढणारे पण बघितलेत, पण एका घरात एकच लढाऊ युनिट राहतं, त्यामुळं अर्धे मागंच उभे राहतात.

खरं डोकं लागतं ते जमिनीला, इथं जरा थांबून समजून घ्या. टेकडीवर किंवा जंगलात उभ्या युनिटला बचावात लढाईच्या ताकदीत ३ ची वाढ मिळते, दोन टर्न हलला नाही तर तटून बसल्याचे वरती ६. नदी ओलांडून हाणामारीचा हल्ला केला तर उलट ५ कमी होतात. हे आकडे छोटे वाटतात पण दोघांची ताकद सारखी असेल तर एका फटक्यात युनिटच्या जिवाच्या १०० पॉइंटपैकी साधारण ३० जातात, आणि १० चा फरक पडला की मारा जवळपास दीडपट होतो, समोरच्याचा तेवढाच उतरतो. म्हणजे जंगलातल्या टेकडीवर तटून बसलेला साधा वॉरियर मोकळ्या रानातनं येणाऱ्या दोघांना पुरून उरतो. आपल्याच जिल्ह्यात प्रतापगडला १० नोव्हेंबर १६५९ ला काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातली जमिनीची बाजू बघा, खानाची फौज वाईच्या मोकळ्या मुलखात होती तोवर तिला तोड नव्हती, महाराजांनी ती जावळीच्या रानात उतरवली आणि मगच हात घातला. गेममध्ये पण कॉम्प्युटर चिडून तुमच्याकडं धावत येतो, त्याला येऊ द्या, टेकडीवर वॉरियर पुढं, आर्चर मागं, त्याची फौज आपल्या दारात संपवा आणि मग रिकाम्या शहरावर जा. हा क्रम पाळला तर निम्मी लढाई तिथंच होते.

आणि चालण्याचा हिशेब. या गेममध्ये घरात शिरायला जेवढी चाल लागते तेवढी पूर्ण शिल्लक पाहिजे. आर्चरकडं चाल २, टेकडीला लागतात २, म्हणजे एक घर सपाटीवर आला की त्याच टर्नला टेकडी चढत नाही, आणि थेट चढला तर त्या टर्नला बाण मारता येत नाही. म्हणून आर्चर एक टर्न आधी जागेवर न्यायचे, वॉरियर त्यांच्या पुढं, आणि पुढच्या टर्नला सगळ्यांनी एकदम मारायचं. मधे जंगल किंवा टेकडी असेल तर सपाटीवरनं पलीकडचं दिसतच नाही, बाण जात नाही, युद्ध जाहीर करायच्या आधीच शहराकडं बघत कुठल्या घरातनं मारा बसेल ते ठरवून ठेवा.

शहरावर गेल्यावर काय करायचं. शहराच्या जिवाचे २०० पॉइंट असतात आणि दर टर्नला २० भरून येतात. वेढा पडला तर ते भरून येणं थांबतं. त्यासाठी सहाही घरांत युनिट लागत नाहीत, दोन वॉरियर शहराच्या समोरासमोर उभे केले की त्यांचा दाब शेजारच्या घरांवर पडतो आणि वेढा पूर्ण होतो. मधे नैसर्गिक अडथळा आला तर तिसरा लावा. शहरावर कर्सर नेला की वेढ्याची खूण दिसते, ती दिसल्याशिवाय मारामारी सुरू करू नका. मग आर्चर रोज मारतात, वॉरियर फक्त तटून बसतात, आणि शेवटी शहर जवळजवळ शून्यावर आलं की वॉरियरनं आत शिरायचं, कारण आर्चर शहर ताब्यात घेऊ शकत नाही. वॉरियरला लढून प्रमोशन (बढती) मिळालं असेल तर लगेच खर्चू नका, घेतलं की ५० पॉइंट भरून येतात, मरायला टेकल्यावर त्याचा उपयोग. शत्रूच्या हद्दीत नुसतं थांबून टर्नला फक्त ५ भरतात, आपल्या हद्दीत १५. शत्रूची शेतं लुटली तरी ५० पॉइंट भरतात, चाल शिल्लक असेल तर लुटाच.

भिंत झालीच असेल तर? आर्चर आणि वॉरियर दोघांचा मारा तिच्यावर नीट लागत नाही, आणि भिंतवालं शहर दोन घरांच्या अंतरापर्यंत बाण सोडतं. मेसनरी (गवंडीकामाचं तंत्र) घेऊन बॅटरिंग रॅम (भिंत फोडायचा ओंडका) काढा, तो शहराच्या शेजारी उभा राहिला की पायदळाचा पूर्ण मारा भिंतीवर बसतो. रॅम लढाऊ युनिटच्याच घरात राहू शकतो, एक वॉरियर राखणीला त्याच्याबरोबर ठेवा, एकटा सोडला तर पळवून नेतात. घोडदळाला मात्र रॅमचा फायदा नाही. साताऱ्याचा किल्ला घ्यायला औरंगजेबाला १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत बसावं लागलं, सुरुंग लावावे लागले, एवढा वेळ आणि सैन्य तटाला लागतंच.

कोणाला घेऊन खेळायचं म्हणाल तर सुमेरचा गिलगामेश लढाईसाठी सगळ्यात सोपा, त्याचा वॉर कार्ट (लढाईचा गाडा) पहिल्या टर्नपासून मिळतो, ताकद ३०, साध्या वॉरियरची २०, आणि भालेवाल्यांनी त्याला जादा त्रास होत नाही. चंद्रगुप्त घेतला तर हत्ती म्हणजे वरू मिळतो, ताकद ४० आणि शेजारच्या शत्रूची ५ नं कमी, पण तो हॉर्सबॅक रायडिंग (घोडेस्वारीचं तंत्र) आल्यावर, म्हणजे पहिली लढाई आर्चरवरच काढायची.

शहर मिळाल्यावर एक वॉरियर आत ठेवा. गेमच्या विस्तारातल्या आवृत्त्यांत लॉयल्टी (शहराची निष्ठा) असते, शत्रूची बाकी शहरं जवळ असतील तर हे शहर हळूहळू तुटून स्वतंत्र होतं, तिथं गव्हर्नर (सुभेदार) पाठवला की निष्ठेत ८ ची भर पडते. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे त्याचं पुढचं शहर पण घेणं, दाबच राहत नाही. युगं पुढं सरकतात तशी बाकीच्या राजांची नाराजी वाढत जाते, त्यामुळं एकाच शेजाऱ्याला संपवायचं तर आताच. युद्ध जाहीर केल्यापासून १० टर्न तह होत नाही, तेवढ्यात हे उरकतं. तह करताना घेतलेलं शहर त्यानं सोडून दिलंय हे करारात लिहून घ्या, आणि वर सोनं मागा, हरलेला कॉम्प्युटर बऱ्याचदा देतो.