पोरांना 'कोण कुठं राहतं' खेळवायचंय? आधी शेत आखा

खेळ आपल्या डोंगर-पाण्यासारखाच. प्रत्येकाच्या हातात एका प्राण्याचं चित्र, शिट्टी वाजली की त्याच्या घरात पळायचं. शिट्टी, फक्की, पाण्याच्या बाटल्या न्यालच. फक्कीने ऐसपैस रिंगणं आखा: जंगल, माळरान, पाणथळ, समुद्रकिनारा. आणि पाचवं शेत. शेत विसरू नका.

मी विसरलो होतो. जुन्नरकडची शाळा, तिसरीचा वर्ग. बिबट्याचं चित्र मिळालेली मुलगी सगळ्या रिंगणांच्या बाहेर उभी. "अगं, जंगलात पळ ना!" तर म्हणते, "सर, आमच्याकडं तो उसात असतो." मी हसून तिला बाद केलं. बरोबर तीच होती. उसात दाट आडोसा, पाटाचं पाणी, वस्तीवरची कुत्री-शेळ्या हाकेवर. माद्या तिथंच वितात, तोडणीला बछडी सापडतात. म्हणून म्हणतो, शेत आखा.

चित्रं मुलांच्या संख्येपेक्षा चार-पाच जास्त. सिंह-पेंग्विनचा तयार संच नको. शेकरू, काळवीट, रोहित (फ्लेमिंगो), खेकडा घ्या. माळढोक हवाच, कारण पक्षी दिसला की पोरं झाडाकडे धावतात. त्याच्या पायाला मागचं बोटच नसतं, फांदी धरणार कशी? अंडंही जमिनीवरच. ऑलिव्ह रिडले कासवावर भांडण हमखास: राहतं समुद्रात, मादी अंडी घालायला येते कोकणातल्या वेळासच्या वाळूत. बेडकाचंही तेच, पाणी आणि जमीन दोन्ही. अशांना दोन घरं चालतील हे घरूनच ठरवून जा, नाहीतर मैदानावर तुमचीच त-त-प-प होते.

चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवा. साधे कागद वाऱ्यावर उडतात आणि अख्खा तास पकडापकडीत जातो.

शेत आखलंत? फक्की कमी पडली तर समुद्र लहान करा, शेत नाही.

पहिली फेरी नुसती पळापळीची. दुसरीत "इथंच का?" विचारा: खातो काय, लपतो कुठं, पिल्लं कुठं घालतो. बाद कुणालाच करायचं नाही, आधी कारण ऐकायचं. तिसरीत माळरान पुसून टाका, काळवीटवाले कुठं जातात बघा.

बाकी नेहमीचंच. ऊन चढायच्या आत आटपा, चित्रं मोजून घ्या. माझा रोहित अजून कुणाच्या तरी दप्तरात आहे.