अंगविकल पगार चालू असताना परदेशी जाताय? तिकिटाआधी कुणाला काय कळवायचं

मुलगा दुबईत, मुलगी अमेरिकेत, आणि आई-बाबांना चार महिन्यांसाठी बोलावणं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. जाणाऱ्या माणसाला दिव्यांगत्वाचा पगार चालू असेल, तर सगळी तयारी व्हिसा आणि बॅगांची होते आणि पगाराचा विचार परत आल्यावर, पासबुक भरून घेताना होतो. तोवर दोन-तीन महिने कोरे गेलेले असतात.

आधी आपला पगार नेमका कुठला, ते पाहा. ‘अपंगांचा पगार’ असं आपण सरसकट म्हणतो, पण या नावाखाली चार वेगळे पैसे येतात. पहिला राज्य सरकारचा, नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयात अर्ज करून तहसीलदारांच्या आदेशाने सुरू झालेला. दुसरी फौजेची अपंगत्व पेन्शन; मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने ही घेणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. तिसरा ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा लाभ, उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा मशीनवर हात गेलेल्या कामगारांचा. चौथी पीएफ कार्यालयाची, ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेखालची अपंगत्व पेन्शन. राज्य सरकारला बघायचं असतं, तुम्ही इथे राहता का. फौज आणि पीएफवाले विचारतात, तुम्ही हयात आहात का. आणि ईएसआयचा तात्पुरता लाभ चालू असेल तर तिथला प्रश्न असतो, उपचार सोडून कुठे निघालात. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. फौजेत हयातीचा दाखला दिला म्हणून नाडकचेरीत काही कळत नाही.

राज्याचा अंगविकल पगार

४० ते ७५ टक्के दिव्यांगत्वाला महिना ८०० आणि त्यापुढे १४०० रुपये असा हा पगार. रक्कम लहान आहे, पण औषधाचा खर्च यावरच भागवणारी माणसं आहेत, म्हणून तो एक महिनाही चुकू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. हा पगार राज्यात राहणाऱ्या गरजू माणसासाठी आहे. मुलाकडे तीन महिने राहून परत येणं ही भेट झाली, घर इथलंच. नोकरीसाठी जाणं किंवा कायमचं मुलाकडे राहायला जाणं ही वेगळी गोष्ट. तसं असेल तर तहसीलदारांना लिहून कळवावं आणि पगार बंद करून घ्यावा. लपवून घेतलेल्या पैशांची पुढे वसुली निघते, आणि ती घरी राहिलेल्या माणसांच्या गळ्यात येते.

भेटीला जाणाऱ्याचा पगार बंद पडतो तो बहुतेक पडताळणीत. गावचा महसूल कर्मचारी यादी घेऊन दारात येतो. माणूस घरात नाही, शेजारी सांगतात ‘ती गेली की फॉरेनला’, आणि यादीत नावापुढे ‘गावात राहत नाही’ अशी नोंद होते. शेजाऱ्याचं बोलणं खोटं नसतं, पण ‘कधी परत येणार’ हे त्याने सांगितलेलं नसतं. म्हणून ते आधीच कागदावर असावं.

जाण्याच्या साधारण तीन आठवडे आधी अर्ज द्या, दोन प्रतींत. कन्नडमध्ये लिहिलेला बरा. कार्यालयातलं काम कन्नडमध्ये चालतं आणि टेबलावरून टेबलावर तो अडत नाही. लिहिता येत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूंना, म्हणजे दिव्यांगांसाठी नेमलेल्या पुनर्वसन कार्यकर्त्यांना सांगा. शहरात यूआरडब्ल्यू असतात. हे त्यांचंच काम आहे, संकोच करू नका. मराठीत एक नक्कल स्वतःजवळ ठेवा, म्हणजे आपण कशावर सही केली ते घरात सगळ्यांना कळेल. अर्जात पगाराच्या आदेशावर आहे तसंच नाव, आदेश क्रमांक, आधारचे शेवटचे चार आकडे, जाण्याची आणि परतीची तारीख, भेटीचं कारण, आणि घरी कोण असणार त्याचं नाव व मोबाइल नंबर. सोबत परतीच्या तिकिटाची आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. नुसतं तोंडी ‘सांगून ठेवलंय’ याला काही अर्थ नाही, कारण कर्मचाऱ्याची बदली झाली की ते सांगणंही त्याच्याबरोबर जातं. ही पोच घरी राहणाऱ्या माणसाच्या हाती द्या. पडताळणीला कुणी आलं की तीच दाखवायची.

सीमाभागातला एक प्रश्न इथेच सांगायला हवा. घर बेळगाव तालुक्यात, शेती चंदगडला, त्यामुळे दोन्हीकडचे कागद असलेली कुटुंबं आहेत. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेला १५ वर्षांचा महाराष्ट्रातला रहिवास लागतो. परदेशी जाण्याआधी ‘तिकडचं सुरू करून ठेवू’ म्हणून आधारवरचा पत्ता बदलू नका. इकडचा पगार पत्त्यावर टिकून आहे, आणि दोन्ही राज्यांकडून एकाच कारणासाठी पैसे घेता येत नाहीत.

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून उलटसुलट बघा. तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर त्यावर मुदत छापलेली असते. ती तुम्ही बाहेर असताना संपणार असेल तर जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात नूतनीकरणाचा अर्ज करा. तपासणीला स्वतः उभं राहावं लागतं, हे काम व्हिडिओ कॉलवर होत नाही.

फौजेची आणि पीएफची पेन्शन

इथे भेटीला किंवा राहायला परदेशी गेलात म्हणून अपंगत्वाचा भाग कापला जात नाही. अडतं ते फक्त हयातीच्या दाखल्यावर. बँकेतून पेन्शन घेणाऱ्यांसाठी नेहमीचा महिना नोव्हेंबर. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. फौजेच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर आलेल्या माजी सैनिकांनी लॉगिन करून आपली पुढची तारीख पाहून घ्यावी. पीएफच्या पेन्शनला दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. म्हणून सप्टेंबरात निघून मार्चला परतणार असाल तर पीएफवाल्यांनी ऑगस्टमध्येच दाखला देऊन मोकळं व्हावं. नोव्हेंबरच्या बंधनात असलेल्यांनी मात्र तो तिकडून द्यायची तयारी ठेवावी.

तिकडून देण्याचे दोन मार्ग. एक, जीवन प्रमाण ॲप आणि आधार फेसआरडी ॲप, चेहरा दाखवून. हे दोन्ही घरूनच फोनमध्ये टाका आणि एकदा करून पाहा. खिडकीकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, आणि नेमकं इथेच दिव्यांग माणूस अडकतो: पापणी पूर्ण मिटत नाही, मान स्थिर राहत नाही, किंवा दिसत नसल्याने चेहरा चौकटीबाहेर जातो. दुसऱ्याने फोन धरायला हरकत नाही, फक्त चौकटीत एकच चेहरा हवा. ज्यांचे बोटांचे ठसे फाउंड्रीच्या कामाने किंवा कुष्ठरोगाने पुसट झाले आहेत, त्यांनी ठशाच्या यंत्रावर वेळ घालवू नये. चेहरा किंवा डोळ्यांची बुबुळं, यांपैकी जे जमेल ते वापरावं. इथे असताना करायचं असेल तर पोस्टमन घरी येऊनही दाखला करून देतो, ७० रुपयांत. काम झालं की प्रमाण आयडी येतो. तो लिहून ठेवा.

दुसरा मार्ग कागदी. परदेशातल्या भारतीय वकिलातीतला अधिकारी, तिथला नोटरी, बँक अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यापुढे सही करून दाखला घेता येतो. फॉर्म इथूनच छापून न्या, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर आणि खाते नंबर आधीच भरून. नोव्हेंबरात वकिलातीत गर्दी असते. व्हीलचेअरवर जाणाऱ्याने आधी भेटीची वेळ घ्यावी आणि लिफ्ट आहे का ते विचारावं. मूळ कागद कुरिअरने पाठवा, फोटो मात्र स्वतःजवळ ठेवा. दाखला उशिरा पोचला तर पेन्शन थांबते, पण पोचल्यावर थकबाकीसह सुरू होते. राज्याच्या पगाराबाबत असं गृहीत धरून चालू नका.

माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, परदेशातल्या उपचाराचं बिल देत नाही, ईएसआयही नाही. प्रवासी विमा घेताना आधीपासूनचा आजार स्पष्ट लिहा. लपवला तर क्लेम नाकारायला कंपनीला तेवढंच कारण पुरतं.

ईएसआयचा लाभ: इथे खरी सावधगिरी

अपघातानंतर हाड जुळेपर्यंत जो रोजंदारीच्या ९० टक्क्यांइतका तात्पुरता लाभ मिळतो, तो घेत असताना गाव सोडण्यावर कायद्याचीच अट आहे. ईएसआय कायद्याच्या कलम ६४ मध्येच ती लिहिली होती: उपचार चालू असलेला भाग डॉक्टरांच्या किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय सोडायचा नाही, बरं होण्याला उशीर लागेल असं काही करायचं नाही, आणि तपासणीला बोलावलं तर हजर राहायचं. बहिणीच्या लग्नाला मस्कतला आठ दिवस जाऊन येणं हेसुद्धा या अटीत येतं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटची साखळी तुटली की त्या दिवसांचे पैसे जातात. पासपोर्टवर शिक्का असतो, म्हणून ‘कुणाला कळणार’ असा विचार करू नका. जायलाच हवं असेल तर दवाखान्याच्या डॉक्टरांकडून लेखी परवानगी घ्या. जमलं तर कामावर जायला योग्य असं अंतिम सर्टिफिकेट मिळेपर्यंत थांबा, आमचा आग्रह तोच आहे. आजारपणाच्या लाभालाही हीच अट.

मेडिकल बोर्डाने टक्केवारी ठरवून दिलेला कायम अपंगत्वाचा लाभ वेगळा. तो जन्मभराचा आहे, प्रवासाने जात नाही. हयातीचा दाखला पुढे कुठल्या महिन्यात द्यायचा ते शाखा कार्यालयात विचारून तारीख लिहून घ्या.

बँक, सिम आणि नाव

राज्याचा पगार आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. जाण्याच्या गडबडीत नवीन खातं उघडून त्याला आधार जोडलात तर पगार गुपचूप तिकडे वळतो आणि घरचे जुनं पासबुक घेऊन नाडकचेरीत भांडत बसतात. खात्याचं केवायसी ताजं करून घ्या. डीबीटी कर्नाटक ॲप फोनमध्ये टाकून ठेवलंत तर पैसे आले का ते तिथूनच दिसतं. ओटीपी भारतीय नंबरावरच येतो, म्हणून सिम सोबत न्या, इथे असतानाच रोमिंग चालू करा आणि रिचार्ज संपू देऊ नका. ९० दिवस न वापरलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो.

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त. मराठीतला ज्ञानेश्वर पासपोर्टवर ‘डीएन’ने सुरू होतो, कन्नड नोंदीवरून इंग्रजीत आलेला तोच ज्ञानेश्वर ‘जेएन’ने, कुठे ‘जीएन’ने. कुठे आडनाव पुढे, कुठे वडिलांचं नाव गायब. पगाराचा आदेश, आधार, बँक आणि पासपोर्ट हे चार कागद एका ओळीत मांडून अक्षर अक्षर जुळवा. पासपोर्ट अजून काढायचा असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग बेळगावच्या पोस्टातल्या किंवा हुबळीच्या पासपोर्ट केंद्राची वेळ घ्या. उलट क्रमाने केलं तर पासपोर्टसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात.

सांबऱ्याच्या बेळगाव विमानतळाहून थेट परदेशी विमान नाही. गोवा, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. दोन्ही विमानांसाठी व्हीलचेअर हवी असल्याचं किमान ४८ तास आधी कळवा. बॅटरीची व्हीलचेअर असेल तर बॅटरी किती वॅट-अवरची ते लेबल वाचून ठेवा. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० पर्यंत चालते आणि ती केबिनमध्ये सोबत न्यायची असते.

परत आल्यावर आठवड्याच्या आत पोच घेऊन नाडकचेरीत जा, आगमनाच्या शिक्क्याची झेरॉक्स जोडून दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या. मग पासबुक भरून जायच्या महिन्यापासूनची एकेक ओळ तपासा. एखादा महिना सुटलेला दिसला तर पुढच्या महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी त्या महिन्याचं नाव लिहून तक्रार द्या.