समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीताचं छोटं प्रकाशन: या चुका टाळा

स्कोअर (सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेली प्रत) देखणा झाला की काम संपलं, असं नव्या प्रकाशकाला वाटतं. पण स्कोअर वाचतो एकटा कंडक्टर. बाकीचे सत्तर-ऐंशी जण वाचतात आपापला पार्ट, म्हणजे फक्त आपल्या वाद्याची प्रत. तालमीचा वेळ खातात त्या पार्टमधल्या चुका. अशा दोन तालमी वाया गेल्या की त्या प्रकाशकाचं पुढचं पार्सल ऑर्केस्ट्राचा ग्रंथपाल कपाळाला आठ्या घालूनच उघडतो.

पान उलटायला हात मोकळा नाही

सॉफ्टवेअर एका क्लिकवर पार्ट काढून देतं आणि तो तसाच छापायला जातो. ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. डाव्या पानावरून उजव्या पानावर नुसती नजर जाते, तिथे अडचण नाही. उजव्या पानाच्या शेवटी मात्र विश्राम (वाजवायचं नसतं तो वेळ) हवाच. किती हवा, ते घड्याळावर ठरवा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा बार (उभ्या रेघांमधला ठोक्यांचा एक गट) दोन सेकंदांत संपतो. तेवढ्यात बासरीवादक कसंबसं पान उलटेल. व्हायोलिनवादकाला त्याच वेळी म्यूटही (आवाज दबवणारा चिमटा) लावायचा असेल तर दोन बारही कमी पडतात. विश्राम सापडत नसेल तर पान अर्धं रिकामं सोडा. कागद वाचवायची ही जागा नव्हे. तंतुवाद्यांत एका स्टँडवर दोघं वाचतात आणि पान त्यांच्यातला एक उलटतो, म्हणजे तेवढा वेळ निम्मा विभाग गप्प.

याच स्टँडवरून प्रतींचा हिशेब लागतो. पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास अशा क्रमाने १४-१२-१०-८-६ वादकांना ७-६-५-४-३ अशा २५ प्रती पुरतात.

पार्ट हाती आला की आणखी तीन गोष्टी बघा. ‘पिझिकाटो’नंतर (तार बोटाने छेडा) ‘आर्को’ (पुन्हा गजाने वाजवा) लिहायचं राहिलं नाही ना? विश्रामाचा लांब पट्टा रिहर्सल अक्षरांपाशी (तालमीत जागा सांगायच्या खुणा) आणि लय बदलते तिथे तोडलाय ना? चाळीस बार गप्प बसल्यावर आत यायला क्यू (दुसऱ्या वाद्याची बारीक छापलेली ओळ) आहे ना? मग प्रत्येक पार्टचा शेवटचा बार-क्रमांक स्कोअरशी जुळवा. इतकी सोपी तपासणी, पण नेमकी हीच राहून जाते. आणि प्रूफ एकट्या संगीतकाराला देऊ नका. त्याला कागदावरचं दिसत नाही, मनातलं ऐकू येतं.

स्कोअर ‘सी’मध्ये (ऐकू येतात तेच सूर लिहिलेला) आहे की ट्रान्सपोज केलेला (वादकाच्या पार्टात असतात तसे सूर लिहिलेला), हे पहिल्याच पानावर लिहा. नाहीतर कंडक्टर ‘सी’ म्हणतो, एफ हॉर्नच्या पार्टात ‘जी’ असतो, आणि पाच मिनिटं त्यातच जातात.

रेघा कुठे जाड, कुठे बारीक

पार्टमध्ये सूर लिहायच्या पाच रेघांची (स्टाफची) एकूण उंची साडेसात ते आठ मिलिमीटर ठेवा. सातच्या खाली गेली की स्टँडवरून वाचताना डोळे ताणावे लागतात. प्रूफवर पट्टी ठेवून मोजाच, कारण छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर उंची गुपचूप घटते.

अभ्यासाच्या छोट्या स्कोअरमध्ये दुखणं वेगळं. स्टाफ चार मिलिमीटरचा झाला की रेघ साधारण ०.१३ मिलिमीटर जाडीची होते. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) चित्रात एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा, म्हणजे एका रेघेच्या वाट्याला दीड ठिपका येतो. अर्धा ठिपका छापता येत नाही, म्हणून कुठे एक पडतो, कुठे दोन. छापखान्याला चित्र न देता व्हेक्टर पीडीएफ (ठिपक्यांऐवजी रेघांची आखणी साठवणारी) द्या, फॉन्ट आतच बसवलेले असू द्या. काळा रंगही निव्वळ काळाच हवा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत केसभर सरकला तरी रेघांना रंगीत कडा येतात.

कागद १०० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), अपारदर्शक आणि बिनचकाकीचा. चकचकीत कागदावर स्टँडच्या दिव्याची तिरीप पडते. परफेक्ट बाइंडिंग (कण्याला गोंद लावलेली बांधणी) नको, पुस्तक आपोआप मिटतं. पातळ पार्टला सेंटर पिनिंग (मधोमध घडीवर पिना, पानं चारच्या पटीत), जाड स्कोअरला स्पायरल.

फाइल उघडत नाही

मेकम्युझिक कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फिनाले’ या संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं, आणि अनेकांना जुन्या कॅटलॉगची काळजी लागली. प्रत्येक कृतीची म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) आणि पीडीएफ दोन्ही जपा: पहिलीत सूर शाबूत राहतात, पण पानाची मांडणी पूर्ण टिकत नाही, ती दुसरीत राहते. कृतीत इलेक्ट्रॉनिक्स असेल तर पॅचसोबत (ते आवाज चालवणारा प्रोग्रॅम) साध्या ध्वनिफाइली आणि कुठल्या आवृत्तीवर तो चालतो याची नोंदही ठेवा. दुरुस्ती झाली की तळाशी तारीख बदला, नाहीतर एकाच ऑर्केस्ट्रात दोन आवृत्त्या फिरतात.

मानधन येतच नाही

आयएसएमएन क्रमांक मिळाला म्हणजे पैसे सुरू होतील, हा गोड गैरसमज. ९७९-० ने सुरू होणारा हा १३ अंकी क्रमांक छापील आवृत्तीचा असतो. स्कोअरला वेगळा, पार्ट्सना वेगळा. वादनाचं मानधन हवं तर कृतीची नोंद हक्क गोळा करणाऱ्या संस्थेत करावी लागते, तीही पहिल्या सादरीकरणाआधी, आणि कार्यक्रमपत्रिकेवर येऊ शकतील ती सगळी पर्यायी नावं देऊन. नाव जुळलं नाही तर रक्कम अडकून पडते. ऑपेरा आणि बॅलेचे रंगमंचीय हक्क बहुधा या व्यवस्थेबाहेर राहतात. त्यांचा सौदा प्रकाशकानेच थेट करायचा.

कविता वापरली असेल तर लेखी परवानगीत छपाई, सादरीकरण आणि ध्वनिमुद्रण तिन्ही हवीत. अनुवाद असेल तर अनुवादकाचीही वेगळी. ती संगीत पूर्ण होण्याआधी घ्या, कारण नकार आला तर शब्द काढून टाकता येतात, त्यावर बेतलेली चाल नाही.