ऑनलाइन घेतलेला स्वस्त प्रोग्रेसिव्ह चष्मा कसा बसवून घ्यावा

नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर असलेला, घातल्यावर जमीन हलल्यासारखी वाटली की जो तो सांगतो, "घालत राहा, होईल सवय." काचेच्या रचनेची सवय होतेच. पण चुकीच्या उंचीवर बसलेल्या चष्म्याची होत नाही, आणि वाट बघता बघता परत करायची मुदत तेवढी निघून जाते.

नंबर चिठ्ठीशी ताडून बघा. जुना चष्मा कपाटात टाका. आलटून-पालटून घालू नका.

आता उंची. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानंच. काचेत वर लांबचं, खाली वाचायचं, मधे अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना धूसर. दुकानदार फ्रेम तुमच्या नाकावर ठेवून बुबुळासमोर खूण करतो. ऑनलाइन स्वस्तात घेताना बहुतेक वेळा फक्त पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर विचारतात आणि उंची अंदाजानं धरतात. तो अंदाज तुमच्या नाकाला लागू पडेलच असं नाही.

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्याशी ताठ उभे राहा आणि पलीकडचा शालिनी पॅलेस बघा. सरळ नजरेला पुसट पण हनुवटी खाली घेतली की स्वच्छ दिसतो? चष्मा वर बसलाय. नाकावरचे पॅड फाकवून तो खाली आणायचा. उलट, मोबाइल वाचायला हनुवटी आभाळाकडे न्यावी लागत असेल तर पॅड जवळ घेऊन वर उचलायचा. एक-दोन मिलीमीटरनंही फरक पडतो. काच पापणीला न टेकता जितकी जवळ आणि खालची कड गालाकडे थोडी झुकलेली, तितकी वाचायची जागा मोठी मिळते.

हे घरी पकडीनं करू नका, पॅडची काडी तुटते. महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत चष्मेवाल्याकडे जा. बाहेरचा चष्मा बघून तो तोंड वाकडं करेल; करू दे, कामाचे पैसे आधी विचारा आणि द्या. पॅड नसलेल्या प्लास्टिक फ्रेमला मात्र फारसं काही करता येत नाही, म्हणून मी पॅडवालीच घ्या म्हणतो. काचेची उंची 30 मिलीमीटरच्या खाली नको. बारीक फ्रेममधे वाचायचा भागच कापला जातो.

एकेक डोळा झाकून समोर पेपर धरा. स्वच्छ भाग मधे न येता बाजूला सरकलेला असेल तर बुबुळाचं माप चुकलंय. ते पॅडनं सुटत नाही. परत पाठवा.

उंची जमली की बाकीचं सोपं. बाजूचं बघायला डोळे नाही, मान वळवा. जिना उतरताना हनुवटी छातीशी घ्या, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसते. जोतिबाला गेलात तर पहिल्या आठवड्यात कठडा सोडू नका. अंतराचा अंदाज येईपर्यंत दुचाकी घरी, केएमटीच्या बसनं फिरा. ऑफिसात कॉम्प्युटरची स्क्रीन खाली घ्या, नाहीतर मान वर करून दिवसभर बसाल आणि संध्याकाळी दोष चष्म्याला द्याल.