मोर्च्याला जाताय? लाठीमार झाला तर काय करायचं ते आधी वाचून घ्या

आमच्या काकाच्या पाठीवर तीन वळ उठले होते, बोटाएवढे जाड, काळेनिळे, आणि दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं घरी पायरीवरून पडले. कापसाच्या भावासाठी हायवेवर रास्ता रोको होता, लाठीमार झाला, पोट्ट्यांनी काकाला गाडीवर मधात बसवून दवाखान्यात नेलं, तिथं टेबलाजवळ एक शिपाई उभा, डॉक्टरनं विचारलं काय झालं, आणि काका त्या शिपायाकडे पाहून म्हणाले, "काई नाई साहेब, पायरीवरून घसरलो." झालं. पुढं वकिलानं तो कागद पाहिला तर म्हणे यात लाठीचं नावच नाही, मी कशावर भांडू. मार सगळ्या गावानं पाहिला, कागदावर मात्र तो झालाच नाही. तेव्हापासून गावातून कोणी मोर्च्याला निघालं की मी हे सगळं सांगत बसतो, आता एकदाचं नीट लिहून टाकतो, कारण डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं आणि लोक जाणारच.

आणि जावंच. शांततेनं, बिनाहत्याराचं जमायचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये लिहिलेला आहे, ती कोणाची मेहरबानी नाही. पण बिनाहत्याराचं म्हणजे खरंच बिनाहत्याराचं. वावरातून सरळ निघालेल्या माणसाच्या पिशवीत विळा असतो, बैलबंडी मोर्चा असला तर हातात बैल हाकायची तुतारी असते, झेंड्याला जाड दांडा असतो. हे सगळं घरी ठेवा, झेंड्याला पातळ काडी लावा. उद्या गुन्हा लागला तर याच वस्तू पंचनाम्यात येतात.

आदल्या दिवशी करायची कामं. ज्यानं मोर्चा बोलावला त्यानं ठाण्यात लेखी अर्ज दिला का, त्याची पोच घेतली का, हे विचारा. जमावबंदी लागली आहे का तेही विचारा, जुनं कलम १४४ आता १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, म्हणजे बीएनएसएसचं, १६३ झालं आहे, आणि आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ पण लावतात. मग टेंपोनुसार यादी करा, नाव, फोन, घरच्याचा फोन, आणि ती यादी मोर्च्याला न जाणाऱ्या एका शहाण्या माणसाजवळ गावातच ठेवा. मनगटाच्या वर बॉलपेननं दोन नंबर लिहा, एक घरचा एक वकिलाचा, कारण गडबडीत फोन पहिल्यांदा हरवतो. पायात बूट, चप्पल नको. सुती दुपट्टा, पाण्याच्या दोन बाटल्या, रोजच्या गोळ्या, बीपी-शुगरवाल्यांनी तर नक्कीच. दम्याचा माणूस, गरोदर बाई, लहान लेकरं, यांना पुढच्या रांगेत उभं करू नका. फोनला बोटाचा लॉक काढून आकड्यांचा लॉक लावा.

गर्दीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण विदर्भात हे विसरून चालत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, गावागावातून आलेली माणसं, बाया, लेकरं. पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. गोळी नाही, गर्दीनं चेंगरून. सीताबर्डीत त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, तिथून जाताना मी दरवेळी टेंपोतल्या पोट्ट्यांना दाखवतो. म्हणून जागेवर पोचल्यावर पहिलं काम घोषणा नाही, पहिलं काम म्हणजे मागं निघायचे दोन रस्ते डोळ्यानं पाहून ठेवणं. बॅरिकेड आणि भिंत यांच्या मधात कधीच उभं राहायचं नाही. रेटा आला तर दोन्ही हात छातीसमोर कोपरात वाकवून धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, रेट्याच्या विरुद्ध जोर लावू नका, त्याच्यासोबत जात जात तिरपं कडेला सरका. पडलेली चप्पल, पडलेला फोन उचलायला वाकू नका, माणूस वाकला की मागचा त्याच्यावर येतो. खाली पडलाच तर एका कुशीवर व्हा, गुडघे पोटाशी, हातांनी डोकं झाका, जागा मिळताच उठा.

भोंग्यावरून पांगा म्हणून सांगितलं की खेळ बदलतो हे नीट समजून घ्या. तो हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, ठाणेदार देऊ शकतो, ठाणेदार नसला तर पीएसआय म्हणजे पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा, खालचा नाही. हुकमानंतरही थांबलं तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे खाली बसून अटक करवून घ्यायची की निघायचं हे गावातूनच ठरवून या, ऐनवेळी ठरवता येत नाही. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्याच मिनिटाला मागं काढा. आणि दगड कोणी उचलला, आपला असो की कुठून आलेला अनोळखी, त्याला तिथंच धरून खाली बसवा. एकानं मारलेल्या दगडासाठी बेकायदा जमावातल्या सगळ्यांवर कलम लावता येतं, बीएनएस म्हणजे नव्या दंड कायद्याचं १९०, जुनं आयपीसीचं १४९. हे मी भीती घालायला नाही सांगत, आमच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणारे नऊ पोट्टे आहेत, पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावतात, एक गुन्हा नावावर चढला की चारित्र्य पडताळणीत अडकतात. बंदोबस्तातले पोट्टेही आपल्यासारख्याच गावचे आहेत, पण हुकूम आला की ते मारतातच, ओळख काढत बसू नका.

अश्रुधुराची नळकांडी पडली तर पळापळ नको, वारा कुठून येतो ते पाहा आणि वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून कडेनं उंच जागी जा, हा धूर जड असतो, खाली खोलगटात साचतो. नळकांडी हातानं उचलू नका, तापलेली असते, तळवा सोलून निघतो. डोळे चोळू नका. साधं स्वच्छ पाणी, भरपूर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला दहा-पंधरा मिनिटं सोडा. कांदा हुंगा, टूथपेस्ट लावा, असं कोणीतरी सांगतंच, त्यानं काही होत नाही, आणि तेल-व्हॅसलिन तर अजिबात नको, ते धुराची पावडर कातडीला धरून ठेवतं. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा. दम लागतच राहिला तर १०८ ला फोन.

लाठी सुरू झाली तर डोकं आणि मान वाचवा, दोन्ही हात डोक्यावर, पाठ बाहेर. नियमानं लाठी कमरेखाली मारायची असते पण नियमाच्या भरवशावर डोकं उघडं ठेवू नका. पडलेल्या माणसाला एकट्यानं ओढू नका, दोघं-तिघं मिळून उचला. डोक्याला मार लागला आणि उलटी झाली, बडबडायला लागला, झोपाळला, तर चहापाणी काही पाजू नका, सरळ दवाखाना. पाठीवर, मांडीवर, कुल्ल्यावर भरपूर मार बसला असेल तर दोन-तीन दिवस लघवीचा रंग पाहत राहा. काळ्या चहासारखी झाली तर तो किडनीवर ताण आहे, हळद लावून घरी झोपू नका, लगेच सरकारी मोठ्या दवाखान्यात जा. मुका मार म्हणून आपली माणसं अंगावर काढतात, मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

आता दवाखाना, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. सरकारी दवाखान्यातच जा आणि टेबलावर पहिलं वाक्य म्हणा, एमएलसी करा, म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलीस-कोर्टात चालणारी जखमेची नोंद. डॉक्टर विचारेल कशानं लागलं, तुम्ही जे सांगाल तेच तो लिहितो, म्हणून सांगायचं, आज अमुक वाजता अमुक ठिकाणी पोलिसांच्या लाठीनं लागलं. बाजूला कोणी उभं असो. जखमी माणूस घाबरला असेल तर सोबतच्यानं खांद्यावर हात ठेवून त्याला बोलतं करावं, सोबत जाणारा धीटच पाहिजे. कागदावर काय लिहिलं ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा, झेरॉक्स घ्या. वळांचे फोटो त्याच दिवशी काढा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी रंग जास्त चढतो. रक्ताचा सदरा धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

व्हिडिओ काढणारा एक माणूस वेगळाच ठेवा, कडेला, थोडा उंचावर. न थांबवता काढा, दुकानाची पाटी किंवा मैलाचा दगड आला पाहिजे, जमलं तर छातीवरची नेमप्लेट. मूळ फाइल त्या फोनमधून पुसू नका, कोर्टात मूळ लागते आणि सोबत नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, कोणाला पाठवायची तर व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि आपल्या माणसांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ स्टेटसला ठेवू नका, "अनोळखी दोनशे-तीनशे जण" असा गुन्हा लागतो आणि मग नावं त्या स्टेटसवरूनच भरली जातात.

उचललं तर आधी एवढं विचारा, साहेब अटक आहे की ताब्यात घेतलं. मोर्च्यात बहुतेक वेळा पोलीस कायद्याच्या ६८ खाली नेतात आणि ६९ खाली संध्याकाळी सोडतात. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर घरच्याची नाहीतर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, घरी कळवावं लागतं, डॉक्टरची तपासणी करावी लागते आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते. मॅजिस्ट्रेटनं विचारलं मारलं का, तर तिथं अंगावरचा शर्ट वर करून दाखवा, ते लिहून घेणं त्यांचं काम आहे. कोऱ्या कागदावर सही नाही. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा, बाया, एससी-एसटी आणि कोठडीतला कोणीही, यांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न न पाहता.

टेंपोत बसायच्या आधी यादीवरून नावं पुकारा. एक जरी कमी असला तर टेंपो हलवायचा नाही, दोन माणसं ठाण्यात, दोन दवाखान्यात.

नंतरची तक्रार ठाण्यात द्या, घेतली नाही तर एसपी साहेबांना स्पीड पोस्टानं, पावती जपून. ठाण्यातलं सीसीटीव्ही १८ महिने ठेवायला सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं आहे, त्यासाठी माहिती अधिकारात लवकर अर्ज टाका. मानवाधिकार आयोगाला अर्ज फुकट आहे पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. जमाव आवरल्यावरही पोलिसांनी जास्तीचं बळ वापरलं म्हणून सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अनिता ठाकूर केसमध्ये नुकसानभरपाई द्यायला लावली होती, वकिलाला हे नाव सांगा.

आम्ही काकाचा आयोगाकडचा अर्ज घटनेनंतर अकराव्या महिन्यात दिला. तिसऱ्या दिवशीचे फोटो लावले, दोघा साक्षीदारांच्या सह्या लावल्या, आणि तो पायरीवरून पडल्याचा कागदही लावला. त्याच्या खाली काकानं आपल्या हातानं लिहिलं की टेबलाजवळ पोलीस उभा होता म्हणून मी त्या दिवशी खोटं सांगितलं.