जिल्हा कारागृहाची निगा: अपुरी माणसं, गळक्या बराकी आणि त्याच त्या चुका

येरवडा, आर्थर रोड, नागपूर यांच्या बातम्या येतात. जिल्ह्याच्या गावातलं कारागृह मात्र बसस्टँडच्या मागे नाहीतर जुन्या किल्ल्यात गुपचूप उभं असतं आणि पावसाळ्यात गळत असतं. अशा इमारतींची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभागाकडून करून घेण्यात माझी उभी नोकरी सरली. शाखा अभियंते बदलले, अधीक्षक बदलले, ठेकेदार तर दरवर्षी नवा. चुका मात्र त्याच. या कामावर नव्याने आलेल्यांनी निदान एवढं वाचून आत पाऊल टाकावं.

तीन शिफ्ट, म्हणून तीन माणसं

हा हिशेब मी इतक्या फायलींत पाहिलाय की आता पान उलटायच्या आधीच कळतं. मनोऱ्यावर चोवीस तास पहारा हवा, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन शिपाई. कागदावर झालं काम.

आता नीट मांडून बघा. वर्षाचे तास ८,७६०. एका शिपायाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, ३० दिवस अर्जित रजा, ८ किरकोळ. उरले २७५ दिवस, म्हणजे २,२०० तास. ८,७६० ला २,२०० ने भागा, उत्तर जवळजवळ ४ येतं. यात अजून आजारपण नाही, प्रशिक्षण नाही, सणाची सुट्टी नाही, साक्षीला जाणं नाही. ते धरलं की एका चोवीस तासांच्या जागेला ५ माणसं लागतात. तीन दिली तर उरलेले तास कोणाच्या तरी डबल ड्युटीतून निघतात. सतत डबल करणारा माणूस पहाटे चार वाजता जागा असला तरी त्याचं लक्ष नसतं.

२०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत ६ बंद्यांमागे (म्हणजे कैद्यांमागे) १ रक्षक असं प्रमाण दिलंय. ते बरोबरच आहे, पण नुसतं तेवढं प्रमाण पत्रात लिहून वर पाठवलं की पत्र फायलीत जाऊन बसतं. माझी पद्धत वेगळी. अधीक्षकांसोबत एक दुपार बसायचं आणि जागा मोजायच्या: मुख्य गेट, मनोरे, प्रत्येक बराक, मुलाखत कक्ष, स्वयंपाकघर, दवाखाना. चोवीस तासांची जागा वेगळी, फक्त दिवसाची वेगळी. प्रत्येकीपुढे किती माणसं हवीत, किती आहेत आणि माणूस नसतो तेव्हा तिथलं कोणतं काम बंद पडतं, हे तिसऱ्या रकान्यात. तो तिसरा रकाना वाचला की वरचे अधिकारी थांबून प्रश्न विचारतात.

एक अभियंता म्हणून मी यात का पडतो? कारण माणूस कमी पडला की सगळ्यात आधी बंद पडतं ते इमारतीचं काम. प्लंबर आत जायचा तर सोबत शिपाई लागतो. शिपाई नसेल तर प्लंबर गेटबाहेर बाकावर बसून राहतो, दुपारी घरी जातो, दुसऱ्यांदा बोलावलं की येत नाही. मग नळ गळत राहतो, भिंत ओली होते, बराकीचा एक कोपरा झोपण्यालायक राहत नाही, तिथली माणसं उरलेल्या जागेत दाटीवाटीने झोपतात, भांडणं वाढतात आणि ती सोडवायला पुन्हा शिपाईच लागतो.

वर फरशी बदलली, खाली चेंबर तसंच

कोकणातल्या एका कारागृहाची गोष्ट. संडासात पाणी तुंबतं अशी तक्रार होती. ठेकेदार तरुण, बिल लवकर काढायची घाई. त्याने भांडी बदलली, चकचकीत टाइल्स लावल्या, फोटो काढले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली. पुढच्याच जोरदार पावसात त्या नव्या टाइल्सवरून मैला उलटा बराकीत आला. बंदी अंथरुणं डोक्यावर घेऊन भिंतीशी उभे होते. एका म्हाताऱ्या बंद्याने चटईची गुंडाळी करून दारापाशी बांध घातला होता.

मी गेलो तेव्हा सगळे संडासाकडे बोट दाखवत होते. मी मागे गेलो, तटाकडे, म्हणजे कारागृहाच्या बाहेरच्या भिंतीकडे. तिथलं चेंबर गवतात बुडालेलं, झाकणाची कड मातीने भरलेली. उघडायला पहार लागली. आत रबरी चपला, कांबळ्याचे तुकडे, प्लास्टिकच्या पुड्या आणि घट्ट झालेली चरबी, स्वयंपाकघराचं सांडपाणी त्याच लाइनला जोडलेलं होतं म्हणून. पण खरा दोष त्याच्याही पुढे होता. तटाखालून लाइन बाहेर जाते तिथे कोणी त्यातून सरपटून जाऊ नये म्हणून लोखंडी गजांची जाळी बसवलेली असते. ती जाळी पूर्ण लिंपली होती. आतली बाजू आमच्या विभागाची, बाहेरची नगरपरिषदेची, आणि मधली जाळी कोणाच्याच यादीत नव्हती.

साफ का केली नव्हती? तटाजवळचं चेंबर उघडायचं तर पहारा उभा करावा लागतो. माणसं नव्हती, म्हणून शिपायांना ड्युटी लावणाऱ्या जमादाराने दर वेळी "पुढच्या आठवड्यात" म्हणून ढकललं होतं. त्याला दोष देऊन उपयोग नव्हता, त्या बिचाऱ्याला दोन मनोरे एका माणसावर सांभाळायचे होते.

तेव्हापासून मी जाईन तिथे तीन गोष्टी करून घेतो. तटाखालच्या प्रत्येक जाळीला नंबर आणि तो ड्युटी रजिस्टरमध्ये. चेंबर उघडायचा वार ठरलेला, सकाळची बंद्यांची मोजणी जुळल्यानंतरचा तास, आणि त्या तासाला एक शिपाई नावानिशी. स्वयंपाकघराच्या लाइनला चरबी अडवणारा वेगळा हौद. टाइल्सना पैसे उरले तर टाइल्स.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. चेंबरमध्ये बंद्याला उतरवायचं नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेणं गुन्हा आहे, तुरुंगाच्या भिंतीआड तो कायदा थांबत नाही. नगरपरिषदेचं जेटिंग मशीन, पाण्याच्या जोराने लाइन मोकळी करणारं, मागवा, दिवस लागले तर लागू द्या. अमुक जातीचा आहे म्हणून सफाई त्याच्याकडे, ही तर आणखी वाईट सवय. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. तरी कोणी "पहिल्यापासून हेच करतात" म्हणालं, तर तिथेच थांबवा.

जुन्या भिंतीला सिमेंट

अलिबागचं कारागृह हिराकोट किल्ल्यात आहे, ठाण्याचं मध्यवर्ती कारागृहही किल्ल्यातच. असं दगडी, चुन्यातलं बांधकाम राज्यात इतरत्रही आहे. त्यावर सिमेंटचं प्लास्टर मारलं की भिंतीतली ओल आतच कोंडते, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि सोबत दगडाचे कपचे घेऊन पडतात. चुन्याला चुनाच लावा. गवंडी मिळत नाही हे खरं आहे, पण शोधला की मिळतो. "सिमेंटने पटकन होतं" म्हणणाऱ्या ठेकेदाराला मी दारातूनच परत पाठवतो.

छपराची पाहणी उन्हाळ्यात

कोरड्या छपरावर सगळंच चांगलं दिसतं. पाहणी जुलैत करा, गळतीच्या जागा खडूने नाही, ऑइलपेंटने खुणा करून ठेवा, आणि अंदाजपत्रक दिवाळीपर्यंत पाठवा. मार्चअखेरची धावपळ झाली की कार्यादेश मेच्या शेवटी हातात येतो आणि ७ जूनला बराक उघडी पडलेली असते.

बराक रिकामी करायची, पण माणसं कुठे?

दुरुस्तीसाठी बराक बंद करण्याआधी कागदावर जागा मोजा. नियमावलीप्रमाणे बराकीत झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर लागतात आणि रात्रीसाठी १० जणांमागे १ संडास. बऱ्याच ठिकाणी हे आजही नाही. मग अर्धी बराक बंद करून दोन टप्प्यांत काम करा. ठेकेदार कुरकुरतो, महागही पडतं, तरी मी तेच करतो.

बारीकसारीक, पण महाग पडणाऱ्या

तटावरचा पिंपळ नुसता छाटू नका. मूळ राहिलं की दगड सुटतो, आणि त्या फटीत पाऊल ठेवायला जागा होते.

मोटार जळली की स्थापत्यवाले विद्युत शाखेकडे बोट दाखवतात आणि पाणी दोन दिवस बंद राहतं. दुसरी मोटार आधीच बसवून ठेवा.

कॅमेरे आले म्हणून शिपाई कमी करू नका. भांडण दिसलं तरी सोडवायला जाणारा माणूसच लागतो.

अवजारं मोजून आत, मोजून बाहेर. करवतीचं पातं तुटलं तर दोन्ही तुकडे परत आले पाहिजेत. तेवढ्यासाठी संध्याकाळी गेटवर अर्धा तास जास्त थांबायची ज्याची तयारी नाही, त्याने हे काम घेऊ नये.

गज आणि कुलपं

माणसं कमी झाली की गज वाजवणं आधी सुटतं. काठीने प्रत्येक गजावर ठोकत जायचं: शाबूत गज खणखणतो, कापलेला किंवा बुडाशी गंजलेला बद्द वाजतो. एका बराकीला पाच मिनिटंही लागत नाहीत. समुद्राजवळ गज खिडकीच्या चौकटीत शिरतो तिथेच आधी गंजतो आणि रंगाच्या थराखाली ते दिसत नाही. म्हणून रंगकाम करण्याआधी गज वाजवा, नंतर नाही.

कुलपांचंही तेच. रात्री आग लागली किंवा कोणाला छातीत दुखलं, तर किल्ली आणून बराक उघडायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघा, तेही रात्रीच्या पाळीत, हजर असतील तेवढ्याच माणसांवर. दिवसा सगळा स्टाफ उभा करून घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. अडकणारं कुलूप तेल घालून पुन्हा लावण्यापेक्षा बदलाच. बाकीच्यांना महिन्यातून एकदा तेल, आणि तेल घातलेल्या कुलपाचा नंबर वहीत. ज्या कुलपाचा नंबर दोन महिने वहीत आलेला नाही, ते बिघडलंय असं समजून स्वतः जाऊन उघडून बघा.